न चाललेला मैल

मोजणीची साखळी सहासष्ट फुटांची असते. शंभर कड्या, दर दहा कड्यांनंतर एक पितळी बिल्ला आणि दोन्ही टोकांना धरायला पितळी मूठ. अशा ऐंशी साखळ्या झाल्या की मैल होतो. रोज गवतातून, दगडांवरून ओढून ओढून कड्या झिजतात, सांधे सैल पडतात आणि साखळी हळूहळू लांबते. म्हणून मी रोज सकाळी कॉफीच्या आधी ती पोलादी मापाशी ताडून पाहत असे. १८५७ च्या जूनमध्ये नेब्रास्काच्या माळावर आमची साखळी एकदाही पाव इंचाहून जास्त चुकली नाही. हे आधीच सांगतो, कारण पुढचं ऐकून लोक पहिला संशय साखळीवर घेतात.

आमचं पथक लहान होतं. प्रमुख डोरान स्प्रेग, मोजणीत वीस वर्षं मुरलेला माणूस. मी ॲल्विन थर्बर, व्हर्मॉन्टच्या कॉलेजातून नुकताच बाहेर पडलेला; होकायंत्र आणि वही माझ्याकडे. साखळीचं पुढचं टोक इव्हान प्रॉसरकडे. तो वेल्सचा, पूर्वीचा खाणकामगार, त्याचा आवाज एवढा मोठा की आमच्या खेचरांना त्याची भीती वाटे. मागचं टोक ऑगस्ट लिंडे या जर्मन माणसाकडे. गाडी हाकायला आणि दुभाषा म्हणून मिशेल ग्राँजाँ होता. त्याचा बाप फ्रेंच, आई तिथल्या मूळच्या ओटो जमातीची, बायकोही ओटो.

काम सरळ होतं. ओटो लोकांनी करार करून आपला बहुतेक मुलूख सरकारला दिला होता आणि एक पट्टा स्वतःसाठी राखला होता: नदीकाठच्या दगडापासून सरळ पश्चिमेला वीस मैल. आम्ही ती वीस मैलांची रेघ मोजायची आणि शेवटी खांब पुरायचा. खांबाच्या अलीकडे ते, पलीकडे आपण. त्यांची एक वस्ती होती कॉटनवुडच्या झाडांतल्या ओढ्याकाठी, दगडापासून साडेएकोणीस मैलांवर. वस्तीलगत मक्याची शेतं होती. त्या लोकांत शेत बाईचं असतं.

त्यांतलं एक शेत जिचं होतं, ती बाई दगडापासून आमच्याबरोबर चालत होती. पन्नाशीची, बुटकी, पायांनी भक्कम. मिशेलच्या बायकोची ती मावशी, म्हणून तो तिला मावशी म्हणे, आणि मग आम्हीही म्हणू लागलो. तिचं खरं नाव मिशेलने मला दोनदा सांगितलं होतं. मला ते लिहिता आलं नाही. वहीत मी "सोबत एक ओटो बाई" एवढंच लिहिलं.

तिच्या खांद्याला एकशेसाठ काड्यांची जुडी होती.

त्याचं असं होतं. लिंडे मागून ओरडे, "रोव!" प्रॉसर साखळी ताणून जमिनीत लोखंडी सळई खुपसे आणि ओरडे, "रोवली!" मग दोघे पुढे सरकत, आणि लिंडे जाता जाता ती सळई उपटून घेई. अशा दहा सळ्या लिंडेच्या हातात जमल्या की तो त्या प्रॉसरला परत देई, प्रॉसर "दहाऽऽ!" अशी आरोळी ठोके आणि मी वहीत एक रेघ ओढे; दहा साखळ्यांच्या या टप्प्याला आम्ही दहका म्हणत असू. एका मैलात अशा आठ रेघा. वीस मैलांत एकशेसाठ. वस्तीने हा हिशेब मिशेलकडून समजून घेतला होता आणि मावशीला काड्या देऊन पाठवलं होतं. दहा सळ्या एका हातातून दुसऱ्या हातात जाताना ती स्वतः बघे, मग एक काडी उजव्या जुडीतून डाव्या जुडीत सरकवी. प्रॉसरच्या आरोळीवर तिचा विश्वास नव्हता.

"मावशी, माझ्यावर एवढा संशय?" प्रॉसर हसून विचारी.

मिशेल तिचं उत्तर सांगे. "म्हणते, तुझ्यावर नाही. तुझ्या तोंडावर."

बारा मैल असे गेले. बाराव्या मैलाच्या खांबापाशी दुपारी आम्ही खारवलेलं डुकराचं मांस आणि बिस्किटं खात होतो. स्प्रेगने मला आणि प्रॉसरला गाडीमागे बोलावलं.

"त्या ओढ्याला बारमाही पाणी आहे," तो म्हणाला. "गावातल्या काही सद्गृहस्थांनी तिथे एक शहर आखलंय. नकाशे छापून झालेत. चर्चची जागासुद्धा ठरलीय."

"पण ओढा वीस मैलांच्या आत येतो, साहेब," मी म्हणालो.

"येऊ नये अशी व्यवस्था करायची. इथून पुढे दर मैलाला सात दहके चालायचे आणि आठ लिहायचे. आठ मैलांत एक मैल वाचतो. खांब ओढ्याच्या अलीकडे पडतो. कुणाला खरचटतसुद्धा नाही."

"हे खोटं आहे."

"थर्बर, कॉलेजात तू भूमिती शिकलास. आता भूगोल शीक." मग तो प्रॉसरकडे वळला. "आठवी आरोळी तू मारायचीस. ओढ्याकाठचा एक तुकडा तुझ्या नावावर. बायकोला बोलावून घे."

प्रॉसरने माझ्याकडे पाहिलं. मी बिस्किटाकडे पाहिलं. मी नाही म्हटलं असतं तर स्प्रेगने मला परत पाठवलं असतं आणि वही स्वतः लिहिली असती, असं मी स्वतःला समजावलं. ते खरंही होतं. खऱ्या गोष्टींचा असाही उपयोग होतो.

तेराव्या मैलाला सात दहक्यांनंतर प्रॉसर जागेवर उभा राहूनच ओरडला, "दहाऽऽ!" मी आठवी रेघ ओढली. लिंडेने मान वर केली, काहीतरी पुटपुटला आणि खांबासाठी खड्डा खणू लागला. मावशीने काडी हलवली नाही.

त्याच दुपारी मला पहिल्यांदा ते जाणवलं. लिंडे ओरडला, "रोव!" प्रॉसर वाकला, सळई खुपसली, तोंड उघडलं, मिटलं. आणि मग आवाज आला.

"रोवली!"

मी वाऱ्यावर ढकललं. दुसऱ्या साखळीला पुन्हा तसंच. लाकूडतोड्या लांब असेल तर कुऱ्हाड आधी पडताना दिसते आणि ठोका मागून ऐकू येतो, तसं. फक्त हा माणूस सहासष्ट फुटांवर उभा होता. ध्वनी सेकंदाला सुमारे अकराशे फूट जातो. सहासष्ट फूट जायला यायला त्याला जेवढा वेळ लागतो, तो माणसाच्या कानाला कळतसुद्धा नाही. मी घड्याळ काढलं. लिंडेच्या हाकेपासून प्रॉसरच्या उत्तरापर्यंत सव्वा सेकंदाच्या आत-बाहेर.

"झोपलास काय रे वेल्श्या?" लिंडे खेकसला. "हाक मारली की लगेच उत्तर देत जा."

प्रॉसर मागे वळला. "लगेच तर देतोय! तुझ्या कानांत गवत उगवलंय, उपट ते."

हे त्याचं बोलणं मात्र वेळेवर आलं. उशीर फक्त साखळी हातात असताना होई.

चौदाव्या मैलानंतर उशीर जवळपास अडीच सेकंदांचा झाला. मी आजूबाजूला पाहिलं. त्या माळावर आवाज परत फेकायला काही नाही. ना कडा, ना भिंत, ना झाड. मी स्वतः जोरात ओरडून पाहिलं. माझा आवाज गेला तो गेला. सोळाव्या मैलानंतर पावणेपाच सेकंद. त्या दिवशी संध्याकाळी उजेड असेपर्यंत मी वहीच्या मागच्या पानावर आकडे मांडत बसलो. दर खोट्या दहक्यामागे उशीर एक आणि एक पंचमांश सेकंदाने वाढत होता. दहा साखळ्या म्हणजे सहाशेसाठ फूट. आवाजाला तेवढं अंतर जायला आणि यायला लागतात एक पूर्णांक दोन दशांश सेकंद.

आम्ही जेवढं चाललो नव्हतो, तेवढ्याच लांबून प्रॉसर उत्तर देत होता.

मी पान फाडलं आणि शेकोटीत टाकलं. समोर प्रॉसर बुटातला खडा काढत बसला होता.

"तुला काही वाटतंय का, प्रॉसर?" मी विचारलं. "म्हणजे साखळी ओढताना?"

"पाय दुखतात," तो म्हणाला. "एवढं चाललो नाही, तरी फार दुखतात. खाणीत सोळा तास उभा राहायचो, तेव्हासुद्धा असे दुखायचे नाहीत." मग खालच्या आवाजात: "आणि लिंडे हळू का ओरडतो रे आजकाल? अगदी लांबून कुणी हाक मारल्यासारखं वाटतं."

सतराव्या मैलापासून कुणी थट्टा केली नाही. लिंडे "रोव!" म्हणे आणि डोळे जमिनीकडे लावून वाट बघे. प्रॉसर वाके, ओठ हलवी, मग आमच्याकडे बघत उभा राही. त्याच्या दृष्टीने तो बोलून चुकलेला असे. मधल्या त्या वेळात फक्त गवताचा आवाज. मग पश्चिमेकडून, त्याच्याही खूप मागून, "रोवली." स्प्रेग गाडीत बसू लागला होता आणि गाडी रेघेपासून अर्धा फर्लांग दूर ठेवायला सांगत होता. मिशेल प्रत्येक उत्तरापाशी छातीवर क्रूसाची खूण करी. मावशी मात्र पहिल्या दिवशी चालत होती तशीच चालत होती. सळ्या, हात, काडी.

विसाव्या मैलाचा खांब आम्ही सव्वीस जूनला सकाळी अकराच्या सुमारास पुरला. आकाशात एक ढग नव्हता. खांबापाशी उभं राहिलं की अर्ध्या मैलावर ओढ्याची झाडं दिसत, मातीची गोल घरं दिसत आणि हातभर वाढलेला मका दिसे. नियमाप्रमाणे आम्ही खांबाच्या बुडाशी कोळसा पुरला. लाकूड कुजतं, कोळसा कुजत नाही.

मावशी पुढे आली. तिच्या डाव्या जुडीत एकशेबावन्न काड्या होत्या. उजव्या हातात आठ उरल्या होत्या. त्या तिने स्प्रेगसमोर धरल्या.

"विचारते, ह्या कुठल्या?" मिशेल म्हणाला.

"सांग तिला, तिची मोजण्यात चूक झाली."

मिशेलने सांगितलं. मावशीने ऐकून घेतलं. मग सावकाश काहीतरी विचारलं.

"म्हणते, ठीक आहे, तुमच्या वहीत वीस मैल आहेत. पण मी तर एकोणीसच चालले. मग उरलेला मैल कोण चाललं?"

स्प्रेग हसला. "आमचा प्रॉसर चालला. पुढचं टोक त्याच्याकडेच असतं ना! दे त्याला त्या काड्या, बक्षीस म्हणून."

प्रॉसरने त्या घेतल्या. दुसरं काय करावं ते न सुचून त्याने त्या टोपीच्या पट्टीत खोचल्या. कुणी हसलं नाही.

काम संपलं की साखळीवाल्यांनी शपथ घ्यायची असते. उजवा हात वर करून सांगायचं, की ही रेघ आम्ही इमानाने चाललो आणि इमानाने मोजली. लिंडेने आधी घेतली, घाईघाईत, जर्मनमध्ये. मग प्रॉसर माझ्यासमोर उभा राहिला. आमच्यामध्ये चार फुटांचं अंतर होतं. साखळी जमिनीवर पडली होती, त्याच्या हातात काही नव्हतं.

त्याने माझ्याकडे पाहिलं. "थर्बर, म्हणू ना?"

त्याला थांबवायला माझ्याकडे तेवढा वेळ होता. तो किती होता हे मला नेमकं सांगता येईल, पण त्याचा आता उपयोग नाही.

"म्हण," मी म्हणालो.

त्याने हात वर केला. ओठ हलले. ओठ थांबले. त्याचा श्वास माझ्या तोंडावर आला, त्याला कॉफीचा वास होता. शब्द आले नाहीत.

मी घड्याळाकडे पाहत होतो. साडेनऊ सेकंदांहून थोडं जास्त झालं, आणि पश्चिमेकडून, मक्याच्याही पलीकडून, अगदी बारीक आवाज आला.

"चाललो मी."

प्रॉसरने हात खाली घेतला. त्याला काही कळलं नव्हतं. "झालं ना?" तो म्हणाला, आणि हे शब्द इथेच उमटले.

स्प्रेगचा चेहरा उतरला होता, तरी तो म्हणाला, "आता ओढ्यापर्यंतचं अंतर घ्या आणि संपवा."

प्रॉसरने साखळीचं टोक उचललं आणि मक्याच्या दिशेने चालू लागला. लिंडे खांबापाशी उभा राहिला, कडी मुठीत धरून.

साखळी उलगडत गेली. ताणली गेली.

"रोव!" लिंडे ओरडला.

प्रॉसर वाकला नाही. चालतच राहिला.

मला आधी वाटलं की गवत उंच आहे म्हणून तो लहान दिसतोय. मग लक्षात आलं, गवत गुडघ्याएवढंच आहे. तो दर पावलाला लहान होत होता. दहा पावलांत तो हाताएवढा झाला, वीस पावलांत बोटाएवढा. मका त्याच्या पलीकडे होता तिथेच होता, तेवढाच मोठा. आणि साखळी लिंडेच्या मुठीतून त्याच्या मुठीपर्यंत सरळ ताणलेली.

"प्रॉसर, सोड ती!" मी ओरडलो. "टाकून दे!"

मी साखळीला हात लावून तिच्या कडेने धावू लागलो. बिल्ले मोजत. दहा, वीस, तीस. नव्वद. शंभराव्या कडीला मूठ असायला हवी.

मूठ नव्हती. कडी होती.

एकशे दहा. एकशे पन्नास. प्रत्येक बिल्ला खरा होता, गरम होता, मी रोज हाताळलेला होता.

दोनशे चाळीसला मी थांबलो आणि मागे पाहिलं. लिंडे सहासष्ट फुटांवर उभा होता. त्याच्या सदऱ्याचं तुटलेलं बटण मला दिसत होतं. त्याचे ओठ हलले. काही ऐकू आलं नाही. मग ऐकू आलं.

मी परत फिरलो. पुढे गेलो नाही.

खांबापाशी पोचताच मी वही उघडून स्प्रेगसमोर धरली. "साहेब, ह्या आठ रेघा खोडू या. आत्ता. एकोणीस मैल लिहू. खांब उपटून पुढे नेऊ."

"आणि त्याने काय होईल?"

"मला माहीत नाही. पण खोडू या."

स्प्रेगने माझ्या हातातून पेन्सिल काढून घेतली. हिसकावली नाही. मी ती दिली असंही म्हणता येईल.

"शपथ झालीय," तो म्हणाला. "आता वहीत आहे ते खरं."

तेवढ्यात तो आवाज आला, वाऱ्याबरोबर, जेमतेम.

"साहेब, अजून किती?"

 मिशेलने मावशीला काहीतरी विचारलं, गयावया करत. ती मक्याकडे पाहत होती, स्वतःच्या.

"काय म्हणाली?" मी विचारलं.

"म्हणाली, आम्ही नाही पाठवलं त्याला."

साखळी अचानक सैल पडली. लिंडेने ती ओढून घेतली. शंभर कड्या निघाल्या. मी चार वेळा मोजल्या. पुढची मूठ ओली होती, घामाने.

दिवस मावळेपर्यंत आम्ही हाका मारल्या. स्प्रेगने दाखल्यात लिहिलं, "प्रॉसर काम टाकून पळाला." बायकोला कळवायचं काम माझ्याकडे आलं. तो कॅलिफोर्नियाला गेला, असं मी लिहिलं. तोवर अशी वाक्यं मला जमू लागली होती.

पुढच्या एप्रिलमध्ये सैनिक आले आणि वस्तीला खांबाच्या अलीकडे, खडकाळ उतारावर नेण्यात आलं. मका पेरायचे दिवस होते. मावशीने बियाणं झग्याच्या ओच्यात बांधून नेलं आणि त्या उतारावर पेरलं, असं मिशेलने सांगितलं. पीक बोटभर आलं. दुसऱ्या हिवाळ्यात ती गेली.

ओटोंनी तक्रार केली. मिशेलने ती लिहिली, काड्यांच्या हिशेबासकट. मी तेव्हा मोजणी कचेरीत नकाशे काढत होतो. फेरमोजणी व्हावी असा शेरा मी स्वतः त्या कागदावर मारला. आयुष्यात केलेलं एक धड काम, असं वाटून मी त्या रात्री नीट झोपलो. १८६१ च्या मे महिन्यात पेलम नावाचा मोजणीदार गेला. तो ओढ्याकाठच्या शहराचा कुणी लागत नव्हता. त्याची साखळी नवी कोरी होती. त्याने दगडापासून खांबापर्यंत दोनदा मोजणी केली, जाताना आणि येताना.

वीस मैल. एक कडी कमी नाही, एक कडी जास्त नाही.

तक्रार निकालात निघाली. निकालाचा कागद मिशेलला मीच वाचून दाखवला. तो म्हणाला, "म्हणजे तो मैल आता खरंच तिथे आहे." मग टोपी घालून निघून गेला.

पेलमची वही नकाशासाठी माझ्याकडे आली. बाराव्या मैलापासून पुढे जमीन कशी आहे, माती कशी, गवत कसं, हे त्याने नीट टिपलं होतं. प्रत्येक मैलाला एकच शेरा होता: रेघेवर एका माणसाच्या रुंदीची पायवाट, सतत वापरातली. शेवटच्या मैलाला त्याने सविस्तर लिहिलं होतं. तीन दिवस पाऊस झाला होता, चिखल ओला होता, ठसे ताजे होते. सगळे पश्चिमेकडे, खांबाच्याही पलीकडे जाणारे, परतीचा एकही नाही. टाचा खोल रुतलेल्या, जड काही ओढत नेल्यासारख्या. पाय अनवाणी.

पाय अनवाणी, म्हणून पेलमने पुढे एक ओळ जोडली होती. ती मी नकाशाच्या समासात, ठरल्या जागी, स्वच्छ अक्षरात उतरवली:

"राखीव हद्दीबाहेर विनापरवाना वावरणारा एक ओटो इसम. बंदोबस्त व्हावा."